डाव्या कानाखालची बिजागरी

२ मार्च
आणि वर दादाच म्हणतो की मी फोनवर तोंड आवळून बोलतो, म्हणजे मला पैशाचा माज आलाय! माज कसला? तोंडच उघडत नाही. डाव्या कानाखाली, जबडा जिथे कवटीला अडकवलेला असतो त्या बिजागरीत, चार दिवस कुणीतरी स्क्रूड्रायव्हर फिरवतंय. दोन बोटं जातील एवढंच तोंड उघडतं. पण हे दादाला सांगायची सोय नाही. सांगितलं की म्हणणार, बघ, मी आधीच बोललो होतो, तुला नाही झेपायचं, ये परत. मग आईच्या कवळीचे पैसे तो भरणार आणि जन्मभर मला ऐकवणार.

कवळी मीच करणार. एकटा. इकडे कामाला निघताना सगळ्यांदेखत सांगून आलोय. माप झालं, दात तयार झाले, तिकडे डॉक्टरच्या कपाटात डब्यात बसून आहेत. राहिलेले चौदा हजार भरले की डब्यातून थेट आईच्या तोंडात. महिनाअखेर म्हणजे महिनाअखेर. दादाने एक पैसाही घालायचा नाही.

दुखण्याचं कारण सापडलं. कानात गार वारा गेलाय. उद्यापासून कापूस.

४ मार्च
कापसामुळे साइटवर फोरमनची हाक ऐकू आली नाही. तो खाली बोंबलतोय आणि मी शिडी घेऊन वर चाललोय. तिसऱ्या मजल्यावर येऊन त्याने स्वतःच्या हाताने माझ्या कानातला कापूस काढला. सगळे हसले. मी हसलो नाही. हसलं की दुखतं.

संध्याकाळी कानात कोमट तेल. सगळं उशीत मुरलं. उशी पिळायला घेतली तेव्हा लक्षात आलं, अरे, ही उशी की वीट? म्हणजे कानाचा काही दोष नाही. उशी बदलायला हवी. बदलली. दुकानातली सगळ्यात भारी घेतली. याला खर्च म्हणत नाहीत. एकदाच काय ते.

७ मार्च, जेवणाची सुट्टी
पाव चहात बुडवून गिळला. आजूबाजूला सगळे कचाकचा चावतायत. माणसं चावताना किती आवाज करतात, हे तोंड बंद असलं की कळतं.

नवी उशी मऊ आहे. दुखणं तेवढंच आहे. उशीला वेळ द्यायला पाहिजे.

वायरिंगच्या कामाचं मात्र छान चाललंय. २५ तारखेला फोरमन परीक्षा घेणार. मी आणि मास्तर. दोघांना एकेक बोर्ड जोडायचा, ज्याचा आधी होईल तो पॅनेलच्या खोलीत. तिथे स्टुलावर बसून काम, पंखा, आणि पगार वाढतो तो लगेच त्याच महिन्यापासून. आईची कवळी त्या पगारात बसते. मी आत्ताच तिथे गेल्यासारखं आहे. कारण मास्तर पक्कड वापरतो. हा मास्तर म्हणजे माझा रूम पार्टनर, शिकवत कुणालाच नाही पण बोलतो शाळेतल्यासारखं. वायर घेणार, चष्मा पुसणार, जाडी बघणार, सोलायच्या पक्कडीतलं बरोबर त्या मापाचं भोक शोधणार. तोवर मी तीन वायरी सोललेल्या असतात. दाढेत धरायची, गोल फिरवायची, हिसका. साल थुंकायची. तांबं लखलखीत. अख्ख्या साइटवर माझ्याएवढा स्पीड कुणाचा नाही.

मास्तर म्हणतो, अरे बाबा, ते दात आहेत, हत्यारं नाहीत. जळतो. दुसरं काय.

९ मार्च
खोलीत उंदीर झालेत. मास्तरच म्हणाला. म्हणे रोज रात्री कर्रर्र कर्रर्र काहीतरी कुरतडत असतं, डोळ्याला डोळा लागत नाही. मला काहीच ऐकू येत नाही. माझी झोप गाढ आहे. म्हणालो, आवाज कुठून येतो? म्हणाला, तुझ्या कॉटकडून. सापळा आणला. माझ्या कॉटखाली लावला.

१० मार्च
सापळ्यात मास्तरचा अंगठा सापडला. पायाचा. उंदीर शोधायला वाकून चालत होता म्हणे. दिवा लावायचा ना मग. सकाळपासून माझ्याशी बोलत नाही. बरंय, बोलण्याला उत्तर द्यावं लागत नाही.

११ मार्च
आईचा फोन. तिला दात नाहीत, माझं तोंड उघडत नाही. ती काहीतरी म्हणते, मी म्हणतो काय? मी काहीतरी म्हणतो, ती म्हणते काय? असं दहा मिनिटं. शेवटी दोघंही नुसतंच हं हं करत बसलो. एकच वाक्य नीट कळलं. डॉक्टरकडे जाऊन दात बघून आली. डबा उघडून दाखवले म्हणे. पांढरे आहेत रे, म्हणाली, आपल्या घरात कुणाचेच एवढे पांढरे नव्हते.

मग विचारलं, तुझा आवाज असा का येतोय, थंडी वाजते का? मी म्हटलं, नेटवर्क. ती म्हणाली, नेटवर्कला गरम फडक्याने शेक आणि चार दिवस गप्प बस. आईपासून काही लपत नाही. पण शेकत बसायला वेळ कुणाला आहे? २५ तारीख आली.

१४ मार्च
मूळ कारण सापडलं. जबडा कमजोर झालाय. चहापाव खाऊन खाऊन. हाताला व्यायाम लागतो, पायाला लागतो, मग जबड्याने काय घोडं मारलंय? आजपासून च्युइंगम. उजवीकडे शंभर, डावीकडे दोनशे. डाव्याला जास्त, कारण तो मागे पडलाय.

संध्याकाळी चावताना कानापाशी कट् असा आवाज आला. चांगली खूण आहे. काहीतरी जागेवर बसतंय.

१५ मार्च
दर घासाला कट्. मास्तरला खोलीच्या त्या टोकाला ऐकू जातं. आता तोंड एक बोट उघडतं. चमचा आडवा जात नाही, उभा घालावा लागतो. उभ्या चमच्यात काय राहतं?

१६ मार्च
मास्तरने ओढून दाताच्या दवाखान्यात नेलं. तू बोलशील काय, तुझं मीच सांगतो, म्हणाला. पायात चप्पल, अंगठ्याला पट्टी, लंगडत. रिसेप्शनवरच्या मुलीला वाटलं पेशंट तोच.

डॉक्टरबाई माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठ्या असतील. कानापुढे बोटं ठेवून म्हणाल्या, उघडा, मिटा. कट्. विचारलं, दातांनी खाण्याशिवाय काय करता? मी म्हटलं, काही नाही. मास्तर म्हणाला, बाई, हा वायरी सोलतो. त्यांनी पेन खाली ठेवलं. रोज? मास्तर म्हणाला, दिवसभर. मग विचारलं, झोपेत दात खाता का? मी म्हटलं, छे. मास्तर म्हणाला, बाई, मी ज्याला उंदीर समजत होतो तो हाच. मास्तर उंदरांना का पाठीशी घालतोय, कळत नाही.

मग बाईंनी सांगितलं की सांध्यावर भार आलाय. दातांनी वायर बंद, च्युइंगम बंद, मऊ खायचं, जांभई आली तर हनुवटीखाली मूठ धरायची, रोज गरम कपड्याने शेकायचं, आणि दिवसभर ओठ मिटलेले पण दात सुटे ठेवायचे. बहुतेकांना एवढ्यानेच बरं वाटतं. बस्स. इंजेक्शन नाही, करवत नाही, मशीन नाही. दुखलंच तर एक साधी गोळी. आणि याची फी घेतली! तोंड मिटून बस, हे तर आई फुकटात सांगते.

मी विचारलं, याहून भारी काही नाही का? त्या म्हणाल्या, आधी हे करा. याचा अर्थ भारी आहे, पण मला परवडणार नाही असं त्यांना वाटलं. कपड्यांवरून माणूस ओळखतात लोक.

तरी सगळं करणार. एकूणएक. २६ तारखेपासून.

१८ मार्च
भारी सापडलं. बाजारात एकाकडे जबड्याचा पट्टा. हनुवटीखालून वर डोक्यावर, आत लोहचुंबक. तो म्हणाला, दुखणं ओढून घेतो. सायन्स आहे. घेतला.

पट्टा बांधून साइटवर गेलो तर फोरमन म्हणाला, काय रे, कोणाचं अंडं आहे ते, उबवतोयस? दुपारपर्यंत सगळी साइट मला कोंबडी म्हणू लागली. पट्ट्याच्या चुंबकाला खिळे चिकटतात हा मात्र फायदा. खिशात हात घालावा लागत नाही.

२१ मार्च
मास्तरने त्याची जुनी सोलायची पक्कड माझ्या कॉटवर ठेवली होती. मी ती परत त्याच्या कॉटवर ठेवली. परीक्षेला चार दिवस असताना माणसाला पद्धत बदलायला लावायची, ही चाल मला कळत नाही का?

एक मात्र वाटून गेलं. परीक्षेला तो आहे, मी आहे, जागा एक आहे. मग तो पक्कड देतोच कशाला?

वायर दाढेत धरली की डोळ्यांतून पाणी येतं. पुढच्या दातांनी धरून बघितली. स्पीड निम्मा. पुन्हा दाढ.

२५ मार्च
आज परीक्षा. झोप अर्धवट. स्पीड बरोबर आहे. जबडा सकाळी जड असतो, दहानंतर सुटतो. आज पॅनेल, उद्या दादाला फोन. त्याला सांगणार, पैसे निघाले, आता तूच आईला घेऊन जा दवाखान्यात, तेवढं तरी कर.

२५ मार्च, संध्याकाळ
लिहायचं नव्हतं.

परीक्षेआधी फोरमनने सगळ्यांना उभं करून सुरक्षेचे नियम वाचायला घेतले. हेल्मेट. बूट. हातमोजे. मला जांभई आली. मूठ धरायची आठवण झाली, पण हातात बोर्ड. खट्. तोंड उघडं ते उघडंच. मिटेना.

फोरमनने वर बघितलं. म्हणाला, काय शंका आहे? मी म्हटलं, आ. त्याने बुटांचं पुन्हा समजावलं. मी म्हटलं, आ. त्याने हातमोज्यांचंही समजावलं. मग म्हणाला, एवढं आश्चर्य वाटण्यासारखं यात काय आहे? मागचे फिदीफिदी हसायला लागले, तेव्हा त्याला वाटलं मी त्याची टर उडवतोय. लाळ गळायला लागली तेव्हा मास्तर ओरडला, साहेब, अडकलंय त्याचं!

मोठ्या दवाखान्यापर्यंत आ वासून गेलो. रस्त्यात एका लहान मुलीने मला बघून आपलंही तोंड उघडलं.

डॉक्टरने आधी स्वतःच्या अंगठ्यांना पट्टी गुंडाळली. मला वाटलं, यांनाच लागलंय. मग दोन्ही अंगठे माझ्या तोंडात, मागच्या दाढांवर, खाली दाब आणि मागे ढकल. खट्. मिटलं. पट्टी का ते मग कळलं. माझे दात त्याच्या अंगठ्यांवर आपटले. तो म्हणाला, असू दे, सवय आहे.

मी रडलो नाही. डोळ्यांतून पाणी आलं ते जबड्याची नस दाबली म्हणून.

२६ मार्च
पॅनेलला मास्तर गेला. परीक्षा न देता. मास्तर फोरमनला म्हणाला म्हणे, पोरगं बरं झालं की घ्या ना परीक्षा. फोरमन म्हणाला, स्टूल रिकामं ठेवायला मी काय आरती ओवाळतोय त्याची? दवाखान्याच्या बिलाचं विचारलं तर म्हणाला, साइटवर पडला असता तर दिलं असतं. जांभई ही कामावरची दुर्घटना नाही.

मला सात दिवस काम बंद. पगारही बंद. साधी गोष्ट आहे, पण हे दोन बंद एकदम आले.

२९ मार्च
करायला दुसरं काही नाही म्हणून शेकतोय. पाणी तापवायचं, फडका पिळायचा, कानाखाली धरायचा. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वर टाळूला. मास्तर पॅनेलवरून येताना केळी आणतो, भात पिचपिचीत शिजवतो, माझ्यापुढे ठेवतो. तोही तेच खातो. वेगळं शिजवायला कंटाळा, म्हणतो.

दुखणं खरंच उतरलंय. तोंड दोन बोटं उघडायला लागलं. उशीचा गुण यायला एवढे दिवस लागले.

मास्तर म्हणाला, काल रात्री शांत झोप लागली. मी म्हटलं, सापळ्याला घाबरून गेले असतील उंदीर. त्याने कॉटखालचा सापळा काढून ठेवला आणि म्हणाला, हो, गेले बहुतेक.

३१ मार्च
उशी गेली, पट्टा गेला, दोन दवाखाने गेले, सात दिवसांचा पगार गेला. उरलं ते कॉटवर मांडून बघितलं. मांडून वाढत नाही.

दादाला फोन केला. तोंड आता उघडतं, त्यामुळे न बोलायला काही कारण राहिलं नव्हतं. सगळं सांगितलं. जबडा, वायर, जांभई, सगळं. वाटलं, आता म्हणणार, बघ, मी आधीच बोललो होतो. तयारीत होतो. तो म्हणाला, आता दुखतंय का? एवढंच. त्यापेक्षा तसं म्हणाला असता तर बरं झालं असतं.

म्हणालो, दादा, बाकीचे तू भर. तो म्हणाला, माझ्याकडे असते तर तू निघतानाच भरले नसते का? हे मला सुचलंच नव्हतं. त्याच्याकडे नसतील असं.

मग म्हणाला, डॉक्टरशी बोललोय. वरची आणि खालची वेगवेगळी देतो म्हणतोय. अर्धे भरले तर वरची आत्ता नेता येईल, खालची मागाहून. मागून आई ओरडली, चालेल चालेल, हसताना वरचेच तर दिसतात! दोघंही तिकडे हसले. मीही हसलो. दुखलं नाही.

वरच्या कवळीचे सात हजार. म्हटलं, पाठवतो, आईला सांग, उद्याच आणायची.

कॉटवर होते तेवढे सगळे पाठवतोय: दोन हजार तीनशे.