गाणारी आली नव्हती का?

तीर्थरूप मामांना भटक्या भाच्याचा साष्टांग नमस्कार (एका जागी पाच महिने टिकून घातलेला, हे विशेष).

तुमची तब्येत उत्तम असेल, मुख्यतः उजव्या कानाची. डाव्याची चौकशी करत नाही. तो तीस वर्षं पत्रा ठोकायच्या मशीनशेजारी राबून तुमच्याआधीच निवृत्त झाला. मामींचा गुडघा जिना चढू देतो का? मागच्या पत्रात मी बेकरीत आहे असं लिहिलं होतं. लिहिताना ते खरं होतं, पत्र पोचेपर्यंत खोटं झालं. मग रंगाचं दुकान, मग लोकांची कुत्री फिरवणं (त्यातला एक कुत्रा अजून रस्त्यात ओळख दाखवतो, मालकीण दाखवत नाही), आणि आता गाण्यांचा स्टुडिओ. पाच महिने, मामा. हा आकडा आईला मोठ्याने वाचून दाखवा. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही सगळ्यालाच "बरं बरं" म्हणता, आणि या प्रकरणात तुमचा जो वाटा आहे तो "बरं बरं"मध्ये वाया जावा असं मला वाटत नाही.

स्टुडिओ टायरच्या दुकानाच्या वर आहे. ड्रम, गिटार, गळा असे सुटे सुटे आवाज एकमेकांच्या पायावर पाय न देता एका घरात नांदवायचे, हे आमचं काम. त्याला मिक्सिंग म्हणतात. समोर दोन देखणे स्पीकर आहेत आणि कोपऱ्यातल्या फळीवर बुटाच्या खोक्याएवढा, चिकटपट्टीने सांधलेला, एकटाच तिसरा. त्याला आम्ही डबा म्हणतो. मालकांचा दंडक असा, की डावी-उजवी बाजू एकत्र करून (याला मोनो म्हणतात) डब्यात ऐकल्याशिवाय कुठलंही गाणं खोलीबाहेर जायचं नाही. मी त्यांना समजावलं, की आता ज्याच्या त्याच्या दोन्ही कानांत इअरफोनची बोंडं असतात, एका स्पीकरवर ऐकतंय कोण? ते म्हणाले, जो ऐकतो तो सांगायला येत नाही. मला ते म्हातारपणाचं बोलणं वाटलं. मी डब्यावर चहाचा कप ठेवायचो.

मग मालक मोतीबिंदू काढायला आठवडाभर गेले आणि माझ्या हाती पहिलं स्वतंत्र गाणं आलं. गाणारी मुलगी आमच्या गल्लीतल्या लॉन्ड्रीत काउंटरवर बसते, तिची आई तिथेच इस्त्री करते. तिचा आवाज मी साधा मधोमध ठेवीन तर माझं पाच महिन्यांचं शिक्षण फुकट. मी एका बाजूला तो सरळ ठेवला आणि दुसऱ्या बाजूला उलटा केला. मामा, काय पसरला तो! कानांतून निघून मानेमागून फिरून यायचा. मी स्वतःचीच पाठ थोपटली आणि गाणं आधी तुम्हाला पाठवलं. तुमचं उत्तर आलं: "वाजवलंय छान. गाणारी आली नव्हती का?"

खरं सांगतो, मला राग आला. मी टायरवाल्याला सांगितलं, की माझे मामा एका कानाचे, त्यांचं काय मनावर घ्यायचं. (माफ करा. या वाक्याची भरपाई पुढे आहे.)

गुरुवारी सकाळी मुलीच्या आईने लॉन्ड्रीतली सगळी मशीनं बंद करायला लावली. लोकांचे कपडे आत अर्धवट ओले, आणि अकरा गिऱ्हाइकं बाकांवर. सोमवारी गाणं जगभर जाणार होतं, पण आईला ते आधी तिच्या माणसांना ऐकवायचं होतं. छताला एकच स्पीकर; त्यावर गाणं मी लावलं. ड्रम वाजले, गिटार वाजली, आणि जिथे गळा यायला हवा तिथे कुणीतरी कपड्यांच्या मशीनच्या आत बसून कण्हतंय असं काहीतरी आलं. आईने शेवटपर्यंत हात पुसत वाट पाहिली. मग लेकीला म्हणाली, "तुझं सुरू कधी होतं?"

लोक पाहायला लागले. मुलगी काउंटरमागून बाहेर आली, मला पुन्हा लावायला सांगितलं आणि त्या वाजवण्यावर ती सबंध गाणं उभ्याने गायली. टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, असंच असतं. मला मात्र टाळ्यांत ती हळूच म्हणाली, "सोमवारच्या आत माझा आवाज शोधून ठेव."

जिना चढताना तुमची ओळ आठवली आणि पायरीवरच बसलो. दोन वर्षांपूर्वी घर सोडण्याच्या दिवशी तुमच्या फोनमध्ये दोन्ही बाजू एकत्र करून एका कानात येण्याची सोय कुणी चालू करून दिली? मीच. मोनोत कोण ऐकतं म्हणून पाच महिने भांडलो, आणि मोनोत ऐकणारा माणूस मी स्वतः तयार करून घरी ठेवलेला!

शुक्रवारी डब्यावरचा कप उचलला. एक बाजू आवाज ढकलत होती, दुसरी तोच ओढत होती; दोन कानांत दोघी आपापलं काम करतात, पण एका स्पीकरमध्ये त्या दाराच्या दोन्ही बाजूंनी रेटणाऱ्या माणसांसारख्या होतात, दार हलतच नाही. उलटा सरळ केला. डब्यातून ती मुलगी अशी गायली, की खालच्या टायरवाल्याने हातोडा थांबवला. शनिवारी लॉन्ड्रीत मशीनं पुन्हा बंद झाली. मुलीच्या आईने माझ्या अंगातला शर्ट काढायला लावला आणि इस्त्री करून दिला. मी बनियनवर उभा होतो, पण ताठ.

सोमवारी मालक एका डोळ्यावर पट्टी लावून आले, डब्यात ऐकलं, आधी आवाज उलटा केला होता ही माझी कबुलीही ऐकली आणि विचारलं, चूक कुणी पकडली. मी म्हणालो, माझ्या मामांनी, एका कानाने. ते म्हणाले, "मग इथली गाणी त्यांनाही ऐकवत जा." सव्वीस वर्षांत त्यांनी डब्याखेरीज कुणावर विश्वास टाकलेला नाही. ही भरपाई. टायरवाल्यालाही सांगून आलोय.

मामींना नमस्कार, आईला सांगा की शर्ट इस्त्रीचा घालतो.

तुमचा,
भाचा

ता. क. आदरापोटी मंगळवारी डबा ओल्या फडक्याने आतून पुसला. तेव्हापासून तो बोलत नाही. मालकांना अजून कळलेलं नाही. दुरुस्त होईपर्यंत या स्टुडिओचा डबा तुम्ही आहात. यात कमीपणा मानू नका. फोनमधल्या त्या सोयीला कुणालाही हात लावू देऊ नका.

आणखी ता. क. काल एक गाणं पाठवलंय. ते मालकांनी स्वतः, डोळ्यावर पट्टी असताना केलंय; डब्यात ऐकायचं अजून बाकी आहे. पूर्वीसारखंच एका ओळीत लिहा. गाणारा आला असेल तर मालकांना कळवा. आला नसेल तर आधी मला.