सारसाच्या घरट्याभोवतीचा धान

रविवार, सप्टेंबर २००८

डोकं अजून तापलेलंच आहे. आमच्या धानपट्ट्यातल्या गोरेगावजवळ साळ्याच्या, म्हणजे बायकोच्या भावाच्या, धानाच्या बांधीत सारसाच्या जोडीनं घरटं केलं होतं, आत दोन अंडी. मागच्या खेपेला फोटो बिघडले, धानाची पाती सारखी आडवी. तेवढंच मी साळ्याजवळ कुरकुरलो होतो. कायले बोललो?

आज पोचलो तर घरट्याभोवतीचा धान कापलेला! पोटरीवर आलेला, हिरवागार. पेंढ्या बांधावर पडलेल्या.

"भाऊजी, तुमच्या फोटोत आडवा येत होता न, म्हनून काल सांजच्याला कापून टाकलो." साळा खुशीत सांगून राहिला होता.

लेन्समधून पाहिलं. आडोसा गेला नि कावळ्यांनी डाव साधला. घरट्यात नुसती फुटकी टरफलं. जोडी लांब तळ्याच्या पाळीवर ओरडून राहिली होती.

रागावू तरी कोणावर? जो माणूस बांधीत कोणाची गाय शिरू देत नाही, त्यानं माझ्यासाठी उभं पीक कापलं. त्या हिरव्या पेंढ्या डोळ्यांपुढून जात नाहीत.

"आता साफ दिसते न, भाऊजी?" त्यानं बांधावरून विचारलं.

साफच दिसत होतं.