साथीचा बंदोबस्त

२ ऑगस्ट २००१
रायपूर राजधानी झालं, पण आमच्या वृद्धाश्रमात प्लॅनिंग शून्य! बाजूच्या खाटेवरच्या शरच्चंद्रचे डोळे आले. लाल, चिकट. साथीचा बंदोबस्त मीच हाती घेतला. रेल्वेचं पार्सल ऑफिस चालवलेला माणूस, डोळे काय चीज आहे!

खरी काळजी सत्यभामाबाईंची. एकवीस तारखेले मोतीबिंदूचं ऑपरेशन. त्याआधी डोळे आले तर डॉक्टर हात लावणार नाही. वर्षभर बिचारी बाई आवाजावरून माणसं ओळखून राहिली. मी शब्द दिला, तुमच्या डोळ्यांले काही होऊ देणार नाही. त्या लाजल्या. बहुतेक.

३ ऑगस्ट, सकाळ
निरीक्षण: पुरुषांचा हॉल म्हणजे धर्मशाळा. खाटेले खाट लागून, बेसिन एक, कोणाचा टॉवेल कोण वापरते पत्ता नाही. साथ पसरणारच. बायकांकडे दोघी-दोघींच्या खोल्या. तिकडे सेफ.

तरी रोज राउंड घेणार. प्रत्येकाची खालची पापणी अंगठ्यानं ओढून पाहायची. सुरुवात शरच्चंद्रपासून, शेवट सत्यभामाबाई. त्यांची दोनदा पाहिली. क्लीन!

६ ऑगस्ट
अख्ख्या हॉलचे डोळे आले. म्हटलंच होतं मी. पांडुरंग म्हणे, गंगाधरराव, एकाचा डोळा झाला की दुसऱ्याचा पाहता, मधात हात धुता का? मी म्हटलं, माझे आले का? मग! (थोडे चुरचुरून राहिले. जागरण.)

८ ऑगस्ट
साथ बायकांकडे शिरली. एकामागून एक खोली, अगदी माझ्या राउंडच्या क्रमानं. योगायोग पाहा!

डोकं लावलं. दोन्हीकडे रोज कोण जाते? सापडलं. चहावाली कांताबाई! मॅनेजर चित्रादीदीले सांगून तिचं बायकांकडे जाणं बंद केलं. कांताबाई म्हणे, हव भैया, मग चहा तुम्हीच वाटा. वाटला.

९ ऑगस्ट
सत्यभामाबाईंचे डोळे आले. ऑपरेशन कॅन्सल. त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. मले जेवण गेलं नाही. काहून असं व्हावं? एवढं करून!

मेहनत कमी पडली. राउंड आता दिवसातून तीनदा. ड्रॉपही मीच टाकतो, सगळ्यांले एकाच शीशीतून. नळी जरा डोळ्याले टेकवली की थेंब वाया जात नाही.

१३ ऑगस्ट
डॉक्टर अभिनव आले. नवा पोट्टा, मराठी समजते पण हिंदीच झाडते. त्याले राउंडचं प्रात्यक्षिक दाखवलं. आधी पांडुरंगची पापणी, लगेच चित्रादीदीची. डॉक्टर आ वासून पाहत राहिला. इम्प्रेस झाला.

मग दीदीले बाजूले नेऊन बोलला. ठरलं की मी काही दिवस भनपुरीले पोराकडे राहायचं. माझ्या तब्येतीची काळजी असणार. सुटकेस दीदीनं स्वतः भरली. किती मान!

२३ ऑगस्ट, भनपुरी
पोरगा विहंग मले नातीले हात लावू देऊन नाही राहिला. डॉक्टरनं फोनवर काय सांगितलं कोण जाणे. आश्रमात मात्र मी निघाल्यापासून नवी केस नाही. माझ्या मेहनतीचं फळ, जरा उशिरा आलं.

६ सप्टेंबर
ऑपरेशन झालं! सत्यभामाबाईंचा स्वतःचा फोन. आवाज पोरीसारखा खुललेला. म्हणाल्या, देव पावला, कांताबाईच्या बांगड्यांचा रंग दिसला. मी म्हटलं, उद्या भेटायले येतो.

त्या हसून म्हणाल्या, या ना, पण फाटकापाशीच उभे राहा. आता मले दुरूनही दिसते.

७ सप्टेंबर, संध्याकाळ
गेलो. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. बाई काळा चष्मा लावून व्हरांड्यात, सगळी मंडळी भोवती. मी आवाज द्यायच्या आधीच त्यांनी ओळखलं. मोठ्यानं नाव घेतलं. वाटलं, जन्माचं सार्थक झालं.

टाटा करायले हात वर केला. बाईंनी झटकन चष्म्यावर पदर ओढला. मागोमाग अख्ख्या व्हरांड्यानं डोळे झाकले.

हात खिशात घातला.