रोजचा होकार

तीर्थरूप नाना,

उद्या मलकपेठेत भावजींसाठी मुलगी पाहायला जायचंय. तुम्ही गेलात, आता वर्षाच्या आत लग्न उरकायचं म्हणून घाई आहे. सासूबाई म्हणाल्या, "नानांच्या जागी तू बस." तुमच्या जागी, मी? म्हणून आधी तुम्हालाच लिहायला बसले.

मी सून होऊन गौलीगुड्याच्या घरात आले, तेव्हा तुमचं मेंदूचं ऑपरेशन होऊन गेलं होतं. नव्या मोठ्या इस्पितळात गाठ नीट निघाली, पण भुलीत असताना मेंदूला काही वेळ प्राणवायू कमी पडला. जुनं तुम्हाला सगळं आठवायचं, नवं काही टिकायचं नाही. ऑपरेशनच्या आधी ह्यांच्यासाठी मुली पाहणं चाललं होतं. तुमच्या लेखी ते चालूच राहिलं.

लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी मी चहा घेऊन आले. तुम्ही सावरून बसलात, नाव विचारलंत, वडील काय करतात विचारलंत, आणि माझी पाठ वळताच सासूबाईंना म्हणालात, "अगं, हौ म्हणून टाक. पोरगी अच्छी आहे. तिच्या बापाला कायको ताटकळत ठेवायचं?"

दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. मला रडू आलं. मी तुमची सून आहे, लग्न झालंय, असं सांगून टाकलं. तुम्ही माझ्या मंगळसूत्राकडे पाहत राहिलात. "पोराचं लग्न झालं, अन् मी नव्हतो?"

होतात हो नाना. पुढच्याच खुर्चीत, नवी शेरवानी घालून. पण ते तुम्हाला कुठून आठवावं? त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत, आणि का जेवत नाही हे संध्याकाळी तुम्हालाही सांगता येईना.

मग मी कधीच सांगितलं नाही. सकाळी मंगळसूत्र पदराआड करायचं आणि चहा घेऊन यायचं.

हिमायतनगरच्या आमच्या घरी किती मंडळी पोहे खाऊन गेली होती! "कळवतो" म्हणायची, कळवायचं कुणीच नाही. माझा चष्मा नडला की रंग, विचारणार कुणाला? शेजारच्यांचा फोन वाजला तरी बाबा दारात जाऊन उभे राहायचे. ते सगळं तुम्ही पुसून टाकलंत, आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. एकदा ह्यांच्याशी भांडून मी तुमच्यासमोर कप आदळला, तर म्हणालात, "जरा तिखट दिसते पोरगी. चालंल, आपल्या घरात सगळेच मऊ."

तुमच्यावर ते संकट यायला नकोच होतं. ह्यांना अजून इस्पितळाचा वास सहन होत नाही. पण रागावू नका नाना, एक बोलते. तुम्ही धडधाकट असता, तर मला एकदाच पसंत केलं असतंत.

आपल्याकडे आता फोन आलाय. उद्या भावजींचा नकार असला, तर दिवेलागणीच्या आत मी स्वतः त्या मुलीच्या वडिलांना कळवीन. आणि होकार असला, तर फोनची वाट कशाला? चहाचा कप खाली ठेवायच्या आत तिच्यासमोरच सांगेन, तुमच्याच शब्दांत.

तुम्ही रोज पसंत केलेली,
सुमन