वर्गात सगळ्यांत धाकटी

६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कान धर पण अबोला नको धरूस. गॅरेजमध्ये एका चेपलेल्या बसचं अख्खं तोंड ठोकून सरळ करतोय. घरी आलो तरी कानात हातोडा वाजत असतो.

आमच्या मिरीचं काही खरं नाही. दुसरी संपत आली तरी धड वाचता येत नाही. शाळेत तपासायला येणाऱ्या मॅडमनी कागदावर ‘अध्ययन अक्षमता’ असं लिहून दिलंय. गेल्या आठवड्यात बाकावरची मुलगी तिला मठ्ठ म्हणाली, तर या कार्टीने पेन्सिल तिच्या तळहातात खुपसली. टोक आतच मोडलं. घरी मी तिला फोडून काढलं. रागावू नकोस, नानांनी आपल्याला काय कमी बडवलं? काही बिघडलं का आपलं?

आता रोज संध्याकाळी घेऊन बसतो. ब काढ म्हटलं की व काढते. चुकीला एक पट्टी. तू तीस वर्षं पहिली-दुसरी शिकवतेस, तूच सांग, पोरगी खरंच मठ्ठ आहे की नाटकी?

तुझा,
धाकटा

९ फेब्रुवारी

ती. ताईंना सा. न.

हे पत्र मी माझ्या आईकडून लिहितेय. मिरी शेजारी झोपलीय.

परवा संध्याकाळी मी लाँड्रीतून आणलेल्या शर्टांना इस्त्री करत होते. मिरीने पाचव्यांदा ब चा व केला. यांनी पट्टी मोडेपर्यंत मारलं, मग तिचा हात धरून अक्षर गिरवायला लागले. ती हात ओढत होती, हे पिळत होते. काटकी मोडावी तसा आवाज झाला. तरी सोडेनात, लिही लिही म्हणून ओरडतच होते. ताई, मी तापलेली इस्त्री यांच्या मनगटावर दाबली. कातडी चिकटली तेव्हा कुठे हात सुटला.

मिरी रडली नाही. डाव्या हाताने पेन्सिल उचलून म्हणाली, की आता बरोबर काढते.

दवाखान्यात ती जिन्यावरून पडले असं सांगायला लागली. मी डॉक्टरांना खरं काय ते सांगितलं, माझ्या इस्त्रीसकट. त्यांनी पोलिसांना कळवलं. हे चौकीत आहेत. तुमचा भाऊ आहे, तुम्हाला वाईट वाटेल. पण मला वाटत नाही.

माया पातळ करू नका.

तुमची,
भावजय

१३ फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद लिहायला आज हात धजत नाही. तुझं आणि तिचं पत्र एकाच टपालाने आलं. नानांच्या माराने काही बिघडलं नाही म्हणतोस? मग सात वर्षांच्या पोरीचं हाड मोडलं ते कोणी?

पण माझ्याही पदरात चूक आहे. प्रवेशाच्या ठरलेल्या तारखेच्या आत मिरी जेमतेम दोन दिवसांनी बसत होती. पोरगी चुरूचुरू बोलते, वर्ष कशाला फुकट घालवायचं, असं मीच तुला म्हटलं. तिच्या वर्गातली सगळ्यांत मोठी मुलगी तिच्याहून साडेअकरा महिन्यांनी मोठी आहे. एवढ्याशा आयुष्यात वर्ष म्हणजे केवढं, ते मी शाळेतली बाई असून विसरले.

काल शाळेची जुनी हजेरीपुस्तकं काढून बसले. अकरा वर्षांत मी एकवीस मुलांच्या नावापुढे ‘तपासणीस पाठवावे’ असं लिहिलंय. त्यांतली चौदा मुलं वर्गातल्या शेवटच्या चार-पाच धाकट्यांतली निघाली. माझा चष्मा भिजला. ती मुलं मठ्ठ नव्हती, लहान होती. दोघी-तिघी मात्र वयाने मोठ्या असूनही अडखळायच्या, त्यांना खरोखर मदत हवी होती. म्हणून मिरीला काहीच नाही असं मी छातीठोक सांगत नाही. पण तिला पुन्हा तपासा आणि तिच्या वयाशी ताडून बघा, शेजारच्या बाकाशी नको.

हे पत्र घेऊन मुख्याध्यापिकांकडे जा. आणि तिच्यावर पुन्हा हात उगारलास तर तुला बहीण नाही.

ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षर वाकडं आहे, मनगट अजून वळत नाही. हातोडाही धरवत नाही, मालकाने रंगकामाला लावलंय.

तू सांगितलंस तसं केलं. मॅडमनी वय बघून पुन्हा तपासलं. वयाच्या मानाने थोडी मागे आहे, पण अक्षमतेचा शिक्का घाईने मारला, असं त्या स्वतःच म्हणाल्या. नवीन वर्षात ती पुन्हा दुसरीत, आपल्या वयाच्या मुलांत बसेल. वर्षाने पुन्हा बघणार आहेत.

कोर्टाने मला वेगळं राहायला सांगितलंय. रविवारी एक तास, तिच्या आईसमोर. मी वेगळं राहण्यावर हरकत घेतली नाही. पहिल्या रविवारी मी मिरीची माफी मागितली. तर ती म्हणाली, की चूक तिचीच होती, ब नीट काढायला हवा होता. ताई, मारापेक्षा हे वाईट. पत्र्याला पोचा पडला तर किती दिवस लागतील ते मी बघूनच सांगतो. इथे कोणाला विचारू?

जमलं तर पुन्हा आशीर्वाद लिही.

धाकटा

१४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. (याचा अर्थ आईने सांगितला, पण मी विसरले.)

मी आता नव्या वर्गात दोघींपेक्षा उंच आहे. बाईंनी मला फळ्यावर तारीख लिहायला दिली. भ आणि म मध्ये अजून गोंधळ होतो. मॅडम पुन्हा आल्या, मी त्यांना कोल्ह्याची गोष्ट वाचून दाखवली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, की आता त्या माझ्यासाठी येणार नाहीत, दुसऱ्या मुलांसाठी येतील. पेन्सिल लागली होती ती मुलगी तिसरीत आहे. मी तिला सॉरी म्हटलं. तिने तळहात दाखवला, आत निळा ठिपका आहे. तो जाणार नाही म्हणे.

बाबा रविवारी येतात. आई दार उघडं ठेवून तिथेच बसते. मी बाबांना धडा वाचून दाखवते. मी अडले की ते दोन्ही हात मांडीखाली दाबून बसतात. काल एक शब्द खूप वेळ येईना. मग मीच त्यांना सांगितलं, की काढा हात, दुखतील.

त्यांनी नाही काढले.

मोठ्या अक्षरात उत्तर लिही.

तुझी,
मिरी