भट्टीमागचं मैदान

१४ जानेवारी, मंगळवार

पुन्हा काच! संस्थेचे अध्यक्ष दत्तप्रसाद आज पुण्यातल्या कुठल्याशा शाळेचा फोटो मोबाईलवर घेऊन आले. "मॅडम, अशी दिसली पाहिजे." पश्चिमेची अख्खी भिंत काचेची. वेंगुर्ल्यात! मे महिन्यात पोरं भाजून निघतील म्हटलं, तर म्हणे, "मग एसी बसवू."

बंद पडलेल्या काजू कारखान्याच्या जागेवर एसी न लागणारी शाळा बांधतोय, असं भूमिपूजनाच्या भाषणात याच माणसाने सांगितलं होतं. मी चिऱ्याच्या भिंती, रुंद पडव्या, जुन्या शेडची कौलं, पावसाच्या पाण्याची टाकी असं सगळं दाखवलं. जांभई दिली त्यांनी.

निलेश परतताना गाडीत म्हणाला, "थोडी काच देऊन टाक ना." नवरा आणि आर्किटेक्टच्या ऑफिसातला भागीदार एकच असला की भांडण जेवणाच्या ताटापर्यंत येतं.

२५ जानेवारी

काच गेली. कार्मीन टीचर बैठकीत एकदाच बोलल्या — "दत्तप्रसाद, त्या काचेमागे आधी तू बसून दाखव." निवृत्त मुख्याध्यापिका, अध्यक्ष त्यांचेच विद्यार्थी. प्रश्न मिटला.

२ फेब्रुवारी, रविवार

जुन्या भट्टीमागे आम्ही मैदान आखलंय. सगळीकडे रान माजलंय, तिथेच फक्त काळी, उघडी जमीन. उकरली तर माती चिकट, उग्र वासाची. काजू भाजताना टरफलांतून तेल सुटतं, कातडी जाळणारं. वर्षानुवर्षं ते इथेच ओतलं असणार. शेजारी विहीर — पोरांच्या पिण्याच्या पाण्याची!

माती आणि पाणी दोन्ही तपासायला पाठवते म्हटलं. निलेश म्हणाला, "नसतं काहीतरी उकरून काढू नकोस."

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

अहवाल आला. तेल खोलवर मुरलंय, विहिरीतही उतरलंय. माती काढून टाकायला हवी, विहीर बंद करायला हवी. म्हणजे शाळा या जूनमध्ये नाही.

अध्यक्ष हसले. "वरून काँक्रीट ओता. खाली काय आहे ते कोणाला दिसणार?"

"विहिरीवरही काँक्रीट ओतायचं का?"

"मॅडम, उद्घाटनाची तारीख ठरली आहे. तुम्ही सही करणार नसाल तर करणारे पुष्कळ आहेत."

निलेश टेबलाकडे बघत बसला.

बाहेर आल्यावर कार्मीन टीचरांनी माझा हात धरला. "तू सांगतस तां खरा आसा गो. पण पोरां पावसात खंय बसतली? आताच्या शाळेची खोली गळता." मी चिडून म्हटलं, गळक्या खोलीत निदान पाणी पिऊन आजारी पडणार नाहीत. त्यांनी माझा हात सोडला. बोलायला नको होतं तसं. पण मी तरी किती जणांची समजूत काढू?

२२ फेब्रुवारी

सही करणार नाही, असं कळवलं. निलेशने दिवसभर चहासुद्धा विचारला नाही.

६ मार्च

संस्थेकडून काहीच नाही. निलेश मात्र अचानक गोड वागतोय. सुरमई आणली, स्वतः साफही केली. त्यालाही पटलं असावं. बरं वाटलं.

१० मार्च, सोमवार

कारखान्यावर गेले होते. मैदानावर काँक्रीट ओतून झालंय. विहिरीवर नवा पंप बसलाय. ठेकेदाराने नकाशा पुढे केला. माझाच नकाशा, त्यावर आमच्या ऑफिसचा शिक्का — आणि सही निलेशची.

घरी विचारलं. म्हणाला, "आपल्या दोघांसाठीच केलं."

संध्याकाळी पालकांना चर्चच्या हॉलमध्ये बोलावलंय. कार्मीन टीचरांनी हॉल उघडून दिला. अहवाल मीच वाचणार आहे, आणि सही कोणाची तेही सांगणार आहे.