तात्यांचा रुमाल

तात्याभावजी,

नमस्कार तरी कशाला करू? रागच आलाय तुमचा.

ठाकूरद्वार सोडून शीवला मुलाकडे राहायला गेलात, परदेशात नाही. करोना संपला, बागेचं फाटक उघडलं, बाकांवरच्या फुल्यासुद्धा पुसल्या गेल्या. तुम्ही मात्र मोबाइलवर यांना तोंड दाखवता आणि म्हणता, "भेटलो की रे अच्युत!"

हे रोज संध्याकाळी त्याच बाकावर जातात. पूर्वी जो आधी येईल तो एकेकाच्या नावाने रुमाल टाकून चौघांची जागा धरायचा ना, तशी हे अजून धरतात. दिगूभावजी आणि मनूभावजी करोनात गेले, त्यांचे रुमाल यांनी घडी करून कपाटात ठेवले. तुमचा तेवढा रोज शेजारी पसरतात. बाकीच्या बाकांवर एकेकटी माणसं, कानात काहीतरी खुपसून बसलेली. कुणी कुणाशी बोलत नाही. घरी आले की हेही बोलत नाहीत. जेवतात आणि भिंतीकडे बघत बसतात. मला भीती वाटते हो.

काल न राहवून मीच बागेत गेले आणि त्या रुमालावर बसले. हे हळूच म्हणाले, "वासंती, ऊठ. तात्या येईल."

या हो एकदा. पाया पडते तुमच्या.

पण हे पत्र मी टाकणार नाही. मी विनवलं म्हणून तुम्ही आलात, असं यांना कळलं, तर तुमचाही रुमाल कपाटात जाईल.

तुमची जागा धरून बसलेल्याची,
वासंती